काड, तूस आणि चिपाडं: शेतातल्या टाकाऊ मालातून बांधकाम, पहिल्यापासून

पीक हाती आल्यावर शेतात आणि गिरणीत जे मागे उरतं, त्याचं वजन बहुतेक वेळा धान्याइतकं, कधी त्याहूनही जास्त भरतं. त्यातलं काही गुरांच्या पोटात जातं, काही खतात, आणि उरलेल्याला काडी लावली जाते. याच मालातून विटा, हलक्या भिंती, गिलावा आणि सिमेंटचा भार हलका करणारी राख तयार होते. यात नवल काही नाही. मातीत काड कालवून विटा पाडणं हजारो वर्षं चालू आहे. फरक इतकाच की कोणता माल का चालतो आणि कुठे दगा देतो, हे आता नीट उलगडलं आहे. त्यामुळे पहिल्यांदा हात घालणाऱ्यानेही अंदाजपंचे काम करायची गरज उरलेली नाही.

माझा आग्रह एकच आहे. हाताशी काय पडलंय यावरून सुरुवात करू नका. भिंतीला काय हवंय ते आधी ठरवा आणि मग माल शोधा. तुसाचा ढीग दिसला म्हणून तूस विटेत, काडाची गंजी दिसली म्हणून काड सिमेंटमध्ये, अशा कामाचा शेवट बहुधा भुगा होण्यात होतो.

१. माल ओळखा

बांधकामाच्या नजरेने शेतातल्या मालाचे तीन गट पडतात.

पहिला गट धाग्याचा. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, नारळाचा काथ्या, तागाचे तुकडे. ओली माती वाळताना आकसते आणि तडकते. हे धागे तिला सगळ्या बाजूंनी धरून ठेवतात.

दुसरा गट पोकळ मालाचा. चिरलेलं काड, मक्याची धाटं आणि बुरकुंडं, सूर्यफुलाच्या काड्या, औद्योगिक भांगेच्या खोडाचा आतला भाग. यांच्या पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून चुन्यात बसवल्यावर उष्णता अडवणारी हलकी भिंत तयार होते. हिच्यावर छताचा भार द्यायचा नसतो.

तिसरा गट राखेचा, आणि त्यात खरा मान भाताच्या तुसाचा. तुसात सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, भरपूर असते. नीट जाळलेल्या तुसाच्या राखेत ती ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत भरते. उसाच्या चिपाडांची राखही काही प्रमाणात कामाची असते, पण तिच्यात मातीची भेसळ जास्त आणि गुणांचा भरवसा कमी.

सगळ्या राखा सारख्या नसतात, हे सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. काडाच्या आणि कापसाच्या पऱ्हाट्यांच्या राखेत पोटॅशचा अंश बराच असतो. ती शेतात टाकायला उत्तम, सिमेंटमध्ये घालायला वाईट.

आणखी एक. गुरं आवडीने खातात ते काड भिंतीत चिणण्यात शहाणपण नाही, आणि शेत पार झाडून नेलं तर जमिनीचा कस जातो. थोडं काड जमिनीवर आच्छादन म्हणून राहू द्या. तुसाचं मात्र तसं नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, सिलिकेमुळे ते लवकर कुजतही नाही, आणि गिरणीपाशी एकाच जागी त्याचे डोंगर साठतात. नवख्याने पहिली नजर तिकडे वळवावी.

२. वाळवा, मोजा, मग साठवा

या कामात जे काही बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा ओलाव्यात सापडतं. काडात वजनाच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला आणि तसाच राहिला तर बुरशी धरते, काड काळं पडतं, कुबट वास सुटतो. अशा काडाला नंतर कितीही ऊन दाखवलं तरी गेलेली ताकद परत येत नाही.

ओलावा मोजायला यंत्र असलंच पाहिजे असं नाही. गंजीच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर काड घ्या, एकत्र करून १०० ग्रॅम तोला. ओव्हनमध्ये साधारण १०५ अंश सेल्सिअसला ठेवा. दर तासाने वजन करा, आणि सलग दोन वेळा आकडा तोच आला की थांबा. १०० चे ८६ ग्रॅम उरले तर ओलावा १४ टक्के, माल चालेल. ७८ उरले तर आणखी वाळवा. फक्त वरच्या थराचा नमुना घेऊन समाधान मानू नका, कारण ओल तळाशी दडलेली असते. घाईच्या वेळी काडाची मूठ पिळून पाहा: कडकड मोडली तर ठीक, दोरीसारखी वळली तर अजून ओली.

ओला माल दाबून रचला की जंतूंच्या कामामुळे तो आतून तापतो. बाहेर काहीच दिसत नाही आणि एखाद्या दिवशी गंजी आपोआप पेट घेते. लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून १५-२० मिनिटांनी ओढून पाहा. हात लावून धरवत नसेल तर काम थांबवा, पाण्याची सोय जवळ ठेवा आणि गंजी जपून मोकळी करायला माणसं बोलवा. घाईने उपसल्यास आत हवा शिरून भडका उडू शकतो.

चिपाडांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. घाण्यातून निघतात तेव्हा त्यांच्या वजनातलं जवळजवळ निम्मं पाणी असतं, वर साखरेचा अंश. साठवून बुरशी आलेल्या चिपाडांची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाला सूज येते. या आजाराला बॅगासोसिस म्हणतात. जुनी चिपाडं हलवताना नाकाला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो.

साठवण जमिनीपासून वर, फळ्यांवर किंवा ओंडक्यांवर करा. छप्पर हवंच, बाजू मोकळ्या. काडात दाणे राहिले असतील तर पुन्हा झोडून घ्या. दाणा राहिला की उंदीर आलाच, आणि भिंतीत गेलेला उंदीर निघत नाही.

३. पहिला धडा: माती आणि काडाची वीट

सुरुवात इथूनच करा. भट्टी नको, सिमेंट नको, आणि वीट फसली तर पुन्हा भिजवून तीच माती वापरता येते.

माती घेताना वरचा मुळं आणि कुजलेला पाला असलेला थर बाजूला काढा. तो पिकाला हवा असतो आणि विटेला नको असतो. त्याखालची माती एका पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि खळखळून हलवून ठेवून द्या. वाळू एक-दोन मिनिटांत तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. थरांची जाडी पट्टीने मोजा. वाळू निम्म्याहून जास्त आणि चिकणमाती १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर माती कामाची.

लगेच खात्री हवी असेल तर मळलेल्या मातीची ३ सेंटिमीटर जाडीची लांब वळी करा आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू बाहेर सरकवत न्या. स्वतःच्या वजनाने ती तुटेल. तुटलेला तुकडा ५ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर वाळू जास्त झाली. १५ च्या वर गेला तर चिकण जास्त, वाळू मिसळा. मधला तुकडा पडला की पुढे चला. फुगणारी काळी चिकणमाती या परीक्षेत सहसा नापास होते. तिच्यात भरपूर वाळू किंवा थोडा चुना घातल्याशिवाय हात घालू नका.

काड ५ ते १० सेंटिमीटर लांबीचं चिरा. १०० किलो कोरड्या मातीला एक ते दोन किलो काड पुरतं. ऐकायला कमी वाटतं, पण काड इतकं हलकं की घमेली भरतात. नवखा माणूस हमखास जास्त घालतो, आणि मग वीट उचलताना कोपरे हातात येतात.

माती दोन दिवस भिजत ठेवा, काड पसरा आणि तुडवा. काड सुटं दिसेनासं होईपर्यंत, प्रत्येक काडीला माती लागेपर्यंत तुडवायचं. मग ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर झाकून ठेवा. आंबूस वास येईल, त्याला घाबरू नका. या मुरण्याने गारा लोण्यासारखा मऊ होतो आणि साच्यातून सफाईने सुटतो. वापरण्याआधी पुन्हा एकदा तुडवा.

साचा लाकडी, तळ नसलेला. ३० बाय १५ बाय १० सेंटिमीटर हे सोयीचं माप आहे. साचा पाण्यात बुडवा, सपाट जमिनीवर बारीक वाळू पसरा, गाऱ्याचा गोळा जोरात आपटून भरा आणि कोपरे बोटांनी दाबा. कोपऱ्यात हवा राहिली की तो आधी ढासळतो. वर ओल्या फळीने सपाट करा आणि साचा सरळ वर उचला. वीट लगेच पसरली तर पाणी जास्त आहे, साच्याला चिकटून फाटली तर कमी.

वाळवायचं सावलीत. कडक उन्हात बाहेरची कातडी आधी आकसते, आतला भाग ओलाच राहतो आणि वीट फाटते. काड इथे दुहेरी काम करतं: भेग मोठी होऊ देत नाही आणि आतला ओलावा हळूहळू बाहेर काढतं. तीन-चार दिवसांनी विटा कडेवर उभ्या करा, मग फटी ठेवून रचा आणि तीन ते चार आठवडे थांबा.

आता परीक्षा. एक वीट कमरेएवढ्या उंचीवरून कोपऱ्यावर पडू द्या. कोपरा झिजला तर चालेल, दोन तुकडे झाले तर नाही. दुसरी वीट दोन विटांवर पुलासारखी आडवी ठेवा आणि मधोमध मिनिटभर उभे राहा. वीट मोडली नाही तर भिंतीला योग्य. तिसरी मोडून आतून पाहा. मधोमध गडद पट्टा असेल तर अजून ओल आहे.

दाबयंत्राने विटा पाडायच्या असतील तर लांब काड घालू नका. दाब सोडला की ते उसळी मारतं आणि विटेत आडव्या चिरा पडतात. तसल्या विटांना ५ ते ८ टक्के सिमेंट किंवा चुना लागतो. हाताने चालणारं असं पहिलं गाजलेलं यंत्र, सिन्व्हा-राम, १९५० च्या दशकात कोलंबियात राउल रामिरेझ यांनी बनवलं आणि त्याच्या नकला आजही जगभर चालतात.

भाजलेल्या विटेत मात्र तुसाला जागा आहे. भट्टीत तूस जळून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात आणि वीट हलकी होते. प्रमाण वजनाने ५ टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढे ताकद भराभर उतरते.

४. हलकी भिंत: चुना आणि भुसकट

भांगेच्या खोडाचे तुकडे आणि चुना यांच्या मिश्रणाला हेम्पक्रीट म्हणतात. तीच रीत चिरलेल्या काडाला, मक्याच्या बुरकुंड्यांच्या भरडीला किंवा सूर्यफुलाच्या काड्यांनाही लावता येते. तयार माल एका घनमीटरला ३०० ते ४०० किलो भरतो. साधं काँक्रीट २,४०० किलोच्या आसपास असतं. यावरून भार कशावर द्यायचा ते उघड आहे: लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा आधी उभा करा, हे मिश्रण त्याच्या मध्ये भरण्यापुरतं.

वजनाने एक भाग भुसकट, दोन भाग चुन्याचं मिश्रण आणि सुमारे तीन भाग पाणी, इथून सुरुवात करा. पाण्याचा आकडा मालाप्रमाणे बदलेल. मूठ दाबल्यावर गोळा राहिला आणि बोटांतून पाणी गळलं नाही, की प्रमाण जमलं. नुसता विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि जाड भिंतीच्या पोटात त्याला फार वेळ लागतो. म्हणून पाण्यातही गोठणारा हायड्रॉलिक चुना घ्या किंवा साध्या चुन्यात चांगली तुसाची राख मिसळा.

आधी चुना आणि पाण्याचं दाट दूध करा, मग भुसकट घाला. फळ्यांच्या साच्यात १०-१५ सेंटिमीटरचे थर भरत कडेने दाबा, मध्ये हलकेच. जोरात धुमसलं की हवा निघून जाते आणि उष्णता अडवायची म्हणून केलेली भिंत नुसतीच जड होते. फळ्या दुसऱ्या दिवशी काढता येतात, पण गिलाव्याला एक ते दोन महिने थांबावं लागतं. या वाट पाहण्यात लोकांचा धीर सुटतो. ओल्या भिंतीवर गिलावा केला की आतलं भुसकट कुजतं.

चुना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

चुन्याऐवजी सिमेंट का नको? कारण साखर. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरसुद्धा त्याचं गोठणं काही तास लांबवते आणि जास्त झाली तर ते दिवसेंदिवस मऊच राहतं. चिपाडांत साखर उरलेली असते, काडात आणि धाटांत विरघळणारे तत्सम पदार्थ असतात. सिमेंटच वापरायचं असेल तर माल गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, किंवा एक दिवस चुन्याच्या निवळीत ठेवून वाळवा. मग दोन वाट्या घ्या: एकीत नुसतं सिमेंट आणि पाणी, दुसरीत त्यातच थोडं भुसकट. दुसऱ्या दिवशी दोन्हीवर खिळ्याने ओरखडा काढा. दुसरी वाटी मऊ असेल तर धुणं पुरलेलं नाही. लवकर गोठावं म्हणून काहीजण कॅल्शियम क्लोराइड घालतात. आत लोखंड असेल तिथे ते कधीही नको, सळई गंजते.

धुतलेलं भुसकटही सिमेंटमध्ये ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यांत फुगत-आकसत राहतं, आणि सिमेंटच्या क्षारात धागे काही वर्षांत ठिसूळ होतात. घरगुती कामात हा संसार जमवण्याच्या मागे लागू नये, असं माझं मत.

५. तुसाची राख

हा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त फसवणारा भाग.

आधी हिशोब. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस आणि तुसाचा साधारण पाचवा हिस्सा राख. म्हणजे १,००० किलो भातामागे २०० किलो तूस आणि ४० किलो राख. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा, भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि सिमेंट उद्योगातून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडचा ७-८ टक्के वाटा बाहेर पडतो. सिमेंटचा थोडा भागही राखेने भागला तर फायदा मोठा, तो त्यामुळे.

राख काम कसं करते? सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना सोडतं. तो स्वतः फारसा कामाचा नसतो, पाण्याबरोबर झिरपून बाहेरही येतो. राखेतली सिलिका त्याला पकडते आणि सिमेंटला ताकद देणारा तोच चिकट पदार्थ आणखी तयार करते. मात्र सिलिका काचेसारखी, स्फटिक न झालेली असेल तरच. तूस साधारण ७०० अंशांच्या खाली जळलं तर ती तशी राहते. त्याच्या बरंच वर, ८०० च्या पुढे जास्त वेळ गेला की स्फटिक बनू लागतात आणि राख नुसत्या वाळूसारखी सुस्त होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकात आच ताब्यात ठेवून तूस जाळण्यावर काम केलं, तेव्हापासून या राखेकडे सिमेंटवाल्यांचं लक्ष गेलं.

लहान प्रमाणात जाळायला जाळीची टोपली वापरा. बारीक लोखंडी जाळीचे दोन गोल, एकात एक. मधल्या पोकळीत तूस, आतल्या गोलातून आणि बाहेरून हवा. एका जागी पेटवून द्या आणि धुमसू द्या. फुंकर, पंखा, रॉकेल काही नको. ज्वाळा उठल्या की उष्णता हाताबाहेर जाते. मध्येच ढवळू नका. पूर्ण थंड व्हायला रात्र जाऊ द्या. जागा वस्तीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, धूर बराच होतो. उघड्यावर जाळण्याचे नियमही आधी पाहून घ्या.

राखेचा रंग पुष्कळ काही सांगतो. काळी असेल तर कोळसा उरला आहे. तो पाणी पितो आणि गिलावा डागाळतो. करडी ते पांढरट हवी. पांढऱ्यात गुलाबी झाक आली तर बहुधा ती जास्त तापली. बॉयलरमधून फुकट मिळणारी राख या दोन्ही टोकांची असू शकते, तेव्हा आयती मिळाली म्हणून वापरू नका.

यानंतर दळण. राखेच्या कणाला आतून असंख्य पोकळ्या असतात, म्हणून न दळलेली राख पाणी शोषत राहते. गोळ्यांच्या चक्कीत, म्हणजे आत टणक गोळे असलेल्या फिरत्या पिंपात, काही तास दळून सिमेंटइतकी मऊ करावी लागते. खलबत्त्याने किंवा पाट्या-वरवंट्याने नमुन्यापुरती होते, घरापुरती होत नाही. चक्कीची सोय नसेल तर या पायरीवर थांबा. दळताना मास्क न चुकता लावा. स्फटिक झालेल्या सिलिकेची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते आणि तुमची राख कोणत्या जातीची आहे हे डोळ्यांना पक्कं कळत नाही.

घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे. वजनाने दोन भाग राख आणि एक भाग विरवलेला चुना घट्ट कालवून काड्यापेटीएवढ्या तीन वड्या पाडा. शेजारी नुसत्या चुन्याच्या तीन. सगळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून आठवडाभर ठेवा, मग पाण्यात बुडवा. चुन्याच्या वड्या मऊ पडून विरघळू लागतील. राखेच्या वड्या पाण्यातही टणक राहिल्या आणि नखाने खरवडल्या गेल्या नाहीत तर राख जिवंत आहे. त्याही विरल्या तर ती भरावात टाका.

चांगली राख चुन्याबरोबर याच दोनास एक प्रमाणात विटांच्या सांध्यांना आणि गिलाव्याला चालते. ती सावकाश गोठते, म्हणून दोन आठवडे तरी पाणी मारत राहा. सिमेंटमध्ये घालायची तर १० टक्के सिमेंट काढून तितकी राख घाला. १५ च्या पुढे स्वतःच्या जिवावर जाऊ नका. मिश्रण घट्ट वाटेल आणि पाणी वाढवायचा मोह होईल. वाढवलेलं पाणी राखेने दिलेली सगळी ताकद परत घेऊन जातं, तेव्हा पाणी कमी करणारं रसायन वापरा. कॉलम, बीम, स्लॅब यांत प्रयोगशाळेचा अहवाल आणि इंजिनिअरची सही नसेल तर चिमूटभरही नको.

६. गासड्यांच्या भिंती आणि तक्ते

काडाच्या दाबलेल्या गासड्या विटांसारख्या रचून घरं बांधायची पद्धत अमेरिकेतल्या नेब्रास्कात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजली. तिथे झाडं फारशी नव्हती, गवत आणि गासड्या बांधायची यंत्रं होती. फ्रान्समध्ये माँतार्जी इथलं १९२० च्या सुमाराचं काडाचं घर अजून उभं आहे. अशी भिंत उष्णता फार छान अडवते. आगीचं भय वाटतं तितकं नसतं, कारण दाबलेल्या गासडीत हवा शिरत नाही. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत मातीचा गिलावा असलेली भिंत एक तास आणि सिमेंट-चुन्याचा गिलावा असलेली दोन तास आगीसमोर टिकली. खरा धोका बांधकाम चालू असताना असतो, जमिनीवर सुटं काड पसरलेलं असतं तेव्हा. रोज संध्याकाळी झाडून काढा आणि जवळपास वेल्डिंग, विडी-सिगारेट बंद ठेवा.

पहिल्याच प्रयत्नात घर बांधू नका. गोदामाची किंवा अवजारांच्या खोलीची एक भिंत पुरे.

तक्ते हे कारखान्याचं काम. चिपाडांपासून उष्णता अडवणारे तक्ते अमेरिकेतल्या लुइझियानात सेलोटेक्स कंपनी १९२० च्या दशकातच बनवू लागली होती. काड गरम दाबाखाली नुसतं स्वतःच्या अंगच्या चिकट पदार्थाने धरून तक्ता होतो, ही रीत १९३० च्या दशकात स्वीडनमधून आली. बुरशीच्या तंतूंनी मक्याच्या धाटांचा भुसा बांधून विटा वाढवण्याचा प्रकारही आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा सुमारे १०,००० विटांचा मनोरा काही महिन्यांसाठी उभारला होता. बघायला मौजेचं, पावसात टिकायला नाही. तक्ता विकत घेणार असाल तर दोनच गोष्टी विचारा: आत कोणता गोंद आहे आणि पाण्यात २४ तास बुडवल्यावर जाडी किती वाढते. फॉर्माल्डिहाइडचा गोंद असेल तर बंद खोलीत वापरण्याआधी त्यातून हवेत किती फॉर्माल्डिहाइड सुटतं, याचा वर्ग तपासा.

७. पाणी, वाळवी आणि गिलावा

वर सांगितलेली कोणतीही भिंत थेट जमिनीवर उभी करू नका. दगडाचं किंवा पक्क्या विटांचं जोतं किमान ४५ सेंटिमीटर उंच घ्या आणि जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर द्या, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही आणि वळचणीच्या पाण्याचे शिंतोडे काडापर्यंत उडत नाहीत. छप्पर भिंतीच्या ६० सेंटिमीटर तरी पुढे यायला हवं. न्हाणीघराच्या आणि मोरीच्या भिंतींना हा माल लावूच नये.

वाळवीसाठी जोत्यात उघडी फट ठेवू नका आणि भिंतीला लागून माती किंवा लाकडं रचू नका. काड भरण्याआधी बोरॅक्सच्या द्रावणाची फवारणी केली तर कीड आणि आग दोन्हींना थोडा आळा बसतो. पाण्याने ते धुऊन जातं, म्हणून आतल्या कोरड्या भागापुरतंच त्यावर विसंबा.

गिलावा माती-काडाचा किंवा चुन्याचा, दोन-तीन थरांत, एकूण २५ ते ३५ मिलिमीटर. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर तेलरंग दिला की बारीक चिरेतून शिरलेलं पाणी आत अडकतं. बाहेरून भिंत चकचकीत दिसते आणि आतलं काड गप कुजत असतं. चुन्याची सफेदी करा. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो, तेवढं कबूल करूनच या कामाला लागा.

गिलावा करताना उरलेली कोरडी माती आणि चिरलेलं काड एका पिंपात झाकून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर भिंतीभोवती फिरून बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथला गिलावा सुटला आहे. तेवढा तुकडा काढा, आतलं काड हाताने चाचपा, कोरडं असेल तर कडा ओल्या करून त्याच पिंपातल्या मातीने भरा. ओलं लागलं तर भरायची घाई नको. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा, आणि तोवर ती जागा उघडीच वाळू द्या.